जेवण आटोपून येणारे प्रेक्षक: पॅरिस, मार्च १८६१

मैफलीला, सामन्याला किंवा नाटकाला रस नसताना येणारा माणूस निरुपद्रवी असतो, असे आपण धरून चालतो. येऊ दे बापडा, तिकिटाचे पैसे तर देतो ना! जत्रा म्हटली की हौशे, नवशे, गवशे यायचेच. मला हे पटत नाही. का पटत नाही, हे सांगायला पॅरिसमधल्या तीन रात्री पुरेशा आहेत: १३, १८ आणि २४ मार्च १८६१. या तीन रात्री जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरचा ‘टानहॉयझर’ हा ऑपेरा पॅरिसच्या शाही ऑपेरागृहात झाला आणि पुढची चौतीस वर्षे तिथे पुन्हा उभा राहिला नाही. तो पाडणाऱ्यांत संगीत मनापासून न आवडलेले लोक होते, राजकीय राग काढणारे होते. पण शिट्ट्या घेऊन बसलेला सगळ्यांत चिवट गट वेगळाच होता. संगीत चांगले की वाईट याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. त्याची तक्रार एवढीच होती की नाच फार लवकर उरकतो.

वर्षभराची खुर्ची

तेव्हाचे ऑपेरागृह ल पलत्ये रस्त्यावर होते. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे तिथले वर्गणीदारांचे दिवस. बडी घराणी, बँकवाले, दरबारी मंडळी वर्षाची वर्गणी भरून लोज घेत. लोज म्हणजे बाजूच्या भिंतींना लागून केलेला छोटा खाजगी कक्ष. त्यातल्या बऱ्याच लोजांतून रंगमंचापेक्षा समोरची लोजच अधिक नीट दिसे. प्रयोग चालू असतानाही प्रेक्षागृहात दिवे असत. कोण आले, कोणाबरोबर आले, अंगावर काय घातले होते, हे सगळे बघता येत असे आणि बघण्यासाठीच बरेच जण येत.

त्यांच्यात जॉकी क्लबचे सभासद उठून दिसत. हा क्लब १८३४ साली निघाला तो फ्रान्समधली घोड्यांची पैदास सुधारण्याच्या नावाखाली. लवकरच तो पॅरिसमधल्या सर्वांत खानदानी, पैसेवाल्या पुरुषांचा अड्डा झाला. त्यांची संध्याकाळ ठरलेली असे. क्लबात निवांत जेवण, मग मद्य, चिरूट, आणि रात्र थोडी चढली की ऑपेरा. तोवर पहिला अंक संपलेला असे. दुसऱ्या-तिसऱ्या अंकात बॅले असायचा, तेवढा बघायचा. मग उठून रंगमंचामागच्या नर्तकींच्या दालनात जायचे.

या दालनाबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, नाहीतर पुढचा राग कळणार नाही. १८३१ साली ऑपेराचा कारभार हाती घेतलेल्या लुई व्हेराँने नर्तकींचे हे सरावाचे दालन वर्गणीदारांना खुले केले. महागड्या लोजा खपवण्याची ही युक्ती होती. नाचणाऱ्या मुली बहुतेक गरीब घरच्या, कोवळ्या वयाच्या, पगार अगदी तुटपुंजा. एखाद्या वर्गणीदाराचा ‘आश्रय’ मिळाला तर घर चाले. चित्रकार देगाच्या चित्रांत पांढऱ्या झग्यातल्या मुलींच्या आसपास विंगेत उभे असलेले काळ्या कोटातले पुरुष दिसतात ना, ते हेच लोक. ती चित्रे आज आपण कौतुकाने भिंतीवर लावतो. त्या काळ्या कोटांकडे जरा थांबून बघायला हवे. जॉकी क्लबच्या कितीतरी सभासदांचे तिथल्या नर्तकींशी संबंध होते. बॅलेची वेळ म्हणजे त्यांच्यासाठी ‘आपल्या’ मुलीला रंगमंचावर बघण्याची वेळ.

म्हणून या घराचा अलिखित नियम असा होता की ऑपेरा कोणाचाही असो, मधल्या अंकांत बॅले हवाच. वर्दीसारख्या नावाजलेल्या संगीतकारालाही तो पाळावा लागला. १८५५ साली पॅरिससाठी लिहिलेल्या ऑपेराच्या तिसऱ्या अंकात त्याने चार ऋतूंचा लांबलचक बॅले घातला. १८५७ साली ‘इल त्रोव्हातोरे’चा फ्रेंच प्रयोग झाला, तेव्हा मूळ इटालियन ऑपेरात नसलेले नृत्य त्याने नव्याने लिहून दिले. संगीतकाराने कथा कुठे थांबवायची हे क्लबातले जेवण किती वाजता संपते यावर ठरत होते.

वाग्नरने केलेली तडजोड

वाग्नर पॅरिसला आला तो हलाखीत. १८४९ च्या ड्रेस्डेनमधल्या उठावात भाग घेतल्यामुळे त्याला जर्मनीतून परागंदा व्हावे लागले होते. १८६० च्या सुरुवातीला त्याने पॅरिसमध्ये स्वतःच्या संगीताचे तीन कार्यक्रम केले. त्यात खोट खाल्ली, पण कवी बोदलेरसारखा श्रोता मिळाला. कार्यक्रम ऐकून बोदलेरने त्याला अनोळखी असूनही भारावलेले पत्र लिहिले. दुसरा आधार मिळाला तो पाउलिने मेटरनिखचा. ती ऑस्ट्रियाच्या राजदूताची बायको आणि दरबारात तिचे वजन मोठे. तिच्या शब्दाखातर सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ‘टानहॉयझर’ करण्याचा हुकूम सोडला.

ऑपेराचा संचालक आल्फोंस रोयेने वाग्नरला सुरुवातीलाच सांगितले की बॅले लागेल आणि तो दुसऱ्या अंकात लागेल, कारण वर्गणीदार त्याआधी येत नाहीत. आता ‘टानहॉयझर’चा दुसरा अंक म्हणजे वार्टबुर्ग गडावरची गायनस्पर्धा. सरदार-दरकदार जमले आहेत, प्रेमाचे खरे स्वरूप काय यावर कवी एकामागून एक गात आहेत, आणि त्या भरात नायक टानहॉयझर आपण प्रेमदेवता व्हीनसच्या गुहेत राहून आलो हे ओरडून सांगतो. तलवारी उपसल्या जातात. या प्रसंगाच्या मधोमध नाच घातला तर अंकाचा कणाच मोडतो. वाग्नरने नकार दिला.

पण तो हेकटपणे अडूनही बसला नाही, हे अनेकदा सांगायचे राहते. त्याने बॅले दिला. कथेत नृत्याला खरोखर जागा होती ती पहिल्याच अंकात, व्हीनसच्या गुहेत. १८४५ साली ड्रेस्डेनला झालेल्या मूळ रूपात तो प्रवेश आटोपशीर होता. पॅरिससाठी त्याने तो नव्याने लिहिला, ‘ट्रिस्टान’ हा पुढचा ऑपेरा पूर्ण केल्यानंतरच्या, कितीतरी अधिक समृद्ध हाताने. म्हणजे ज्यांना नाच हवा होता त्यांच्यासाठी त्याने त्या काळातले बहुधा सर्वांत धाडसी नृत्यसंगीत लिहिले. फक्त ते ऐकायला पडदा उघडताना जागेवर असणे भाग होते.

तालमी १६४ झाल्या. वाग्नरने स्वतः वाद्यवृंद चालवण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. घरचा वाद्यवृंद-संचालक दीच याच्या हाती काठी राहिली आणि वाग्नरला त्याचा हात मुळीच पसंत नव्हता. टानहॉयझरची भूमिका गाणाऱ्या आल्बेर्ट नीमानचा धीर प्रयोगाआधीच सुटत चालला होता. एवढा खर्च, एवढी मेहनत, खुद्द सम्राटाचा हुकूम. आणि जो पेच पहिल्या भेटीतच स्पष्ट झाला होता त्यावर कोणीही काहीही केले नाही. प्रयोग ठेवला तो बुधवारी, म्हणजे वर्गणीदारांच्याच दिवशी.

तीन रात्री

पहिल्या रात्री, सम्राट समोर बसलेला असताना, पहिल्या अंकाच्या उत्तरार्धापासून गडबड सुरू झाली. ती नेमकी कुठे झाली हे बघण्यासारखे आहे. व्हीनसच्या गुहेतला धुंद कल्लोळ एका क्षणात विरतो. नायकाने येशूची आई मेरी हिचे नाव घेतले आहे, गुहा नाहीशी झाली आहे, आणि तो उन्हातल्या एका हिरव्या दरीत उभा आहे. वाद्यवृंद जवळजवळ पूर्ण थांबतो. एक मेंढपाळ पोर वसंताचे साधे गाणे म्हणते आणि मधूनमधून पावा वाजवते. पाव्याचे सूर इंग्लिश हॉर्नवर एकट्याने वाजतात, खाली साथ नाही. दुरून यात्रेकरूंचे भजन येऊ लागते. एवढ्या गोंगाटानंतरचे हे रितेपण हीच त्या प्रवेशाची ताकद आहे. आणि नेमके तिथेच हसणाऱ्याला आणि शिट्टी मारणाऱ्याला रान मोकळे मिळते, कारण त्याला झाकायला दुसरा आवाजच नसतो.

दुसऱ्या प्रयोगाआधी कात्री चालली. नव्या नृत्यसंगीताचा मोठा भाग गेला, मेंढपाळाच्या पाव्याचे तुकडे गेले. म्हणजे जिथे त्रास दिला गेला तिथलेच संगीत काढले. त्रास देणाऱ्यांना यातून कळायचे ते कळले. १८ मार्चला जॉकी क्लबची मंडळी तयारीने आली. शिकारीत वापरायच्या शिट्ट्या आणल्या होत्या, इतरांनाही वाटल्या असे तेव्हा बोलले जाई. इतर प्रेक्षकांनी त्यांच्यावर ओरडून त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला, त्याने गोंधळ आणखी वाढला.

मग वाग्नरने मागणी केली की तिसरा प्रयोग वर्गणीबाहेर, रविवारी व्हावा. तर्क बरोबर होता: रविवारी लोजांवर त्यांचा हक्क नाही, ते येणार नाहीत, ज्याला ऐकायचे तो तिकीट काढून येईल. ते आले. ज्या लोकांना पहिल्या अंकाला पोहोचायला कधी जमले नव्हते ते रविवारी सुरुवातीपासून हजर होते, कारण त्या दिवशी त्यांना तिथे खरेच काम होते. प्रयोग पुन्हा पुन्हा थांबला, एकेक खंड पंधरा मिनिटांपर्यंत लांबला. वाग्नर त्या रात्री गेलाच नाही. लगेच त्याने ऑपेरा मागे घेत असल्याचे पत्र संचालकांना दिले.

दोष कोणाचा

हे सगळे एका क्लबाने केले, असे म्हणणे खोटे ठरेल. मेटरनिखचे नाव जोडले गेल्यामुळे ऑस्ट्रियाविरोधकांना आयती संधी मिळाली. दोनच वर्षांपूर्वी फ्रान्स इटलीच्या भूमीवर ऑस्ट्रियाशी लढला होता. वर्तमानपत्रे महिनोन्‌महिने थट्टा करत होती. बेर्लिओझसारख्या थोर संगीतकाराचे ऑपेरे हेच घर दारात उभे करत नव्हते. तो दुखावलेला होता आणि वाग्नरच्या फजितीने आपला सूड उगवला असे त्याने खाजगी पत्रात लिहिले. वाग्नर स्वतः काही साधा भोळा बळी नव्हता. लोकांना दुखावण्यात त्याचा हातखंडा होता, आणि ज्यू संगीतकारांविषयीचा त्याचा विषारी पूर्वग्रह त्याने दहा वर्षांपूर्वीच छापून प्रसिद्ध केला होता.

तरीही या सगळ्या विरोधकांत एक मूलभूत फरक मला दिसतो. बेर्लिओझचा राग संगीतातून आलेला होता. टवाळ समीक्षकाने निदान ऐकून टवाळी केली. ज्याला ‘टानहॉयझर’ भिकार वाटला त्याने शिट्टी मारली तर तीही एक दाद आहे, उलटी का होईना. असे प्रेक्षक कलेला हवेच असतात. त्यांच्याशी भांडता येते, कधीतरी त्यांचे मत बदलतेही. जॉकी क्लबच्या सभासदाचे मत बदलायला त्याला मतच नव्हते. संगीत दुप्पट चांगले असते तरी त्याने शिट्टीच मारली असती, आणि दुप्पट वाईट असते पण दुसऱ्या अंकात नाच असता तर त्याने टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि त्याला ही ताकद कोणी दिली? ऑपेराच्या तिजोरीने. वर्गणीदाराचा पैसा आगाऊ येतो, दरवर्षी येतो, आणि प्रयोग बरा आहे की वाईट याची वाट बघत नाही. कुठल्याही व्यवस्थापनाला हा पैसा सगळ्यांत गोड लागतो. पण जो कार्यक्रम न बघता पैसे देतो तो कार्यक्रमासाठी पैसे देत नसतो. त्याने दुसरेच काहीतरी विकत घेतलेले असते: जागा, ओळखी, दालनात जाण्याची मुभा. ते त्याला मिळाले नाही की तो फसवले गेल्याच्या खऱ्या संतापाने उठतो, आणि त्याच्या हिशेबाने तो बरोबरही असतो.

हे फक्त ऑपेरापुरते नाही. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल संघाने घरच्या मैदानावर डायनामो कीवला १-० हरवले आणि कर्णधार रॉय कीन सामन्यानंतर आपल्याच प्रेक्षकांवर बरसला. बाहेरगावी येणारे पाठीराखे अस्सल आहेत, पण घरच्या मैदानावर काही जण दोन पेले घेतात, कोळंबीचे सँडविच खातात आणि मैदानात काय चालले आहे हे त्यांना कळतही नाही, असा त्याचा रोख होता. पॅरिसवाले गोंगाट करत होते आणि हे गप्प बसत होते, एवढाच काय तो फरक. आपल्याकडच्या संगीत महोत्सवांत पुढच्या रांगेतले सोफे कोणासाठी राखलेले असतात, त्यावरची माणसे किती वाजता येतात आणि पहिल्या रागाची बढत रंगात आली असताना सत्कारासाठी कशी उठतात, हे ज्याने मागच्या सतरंजीवर बसून पाहिले आहे त्याला फार समजावून सांगायला नको. तिथेही दोष सोफ्यावर बसणाऱ्याला देऊन आयोजक मोकळे होतात. सोफा मांडला कोणी?

काय करता आले असते

रोयेपुढे मार्ग होते. पहिल्याच रात्रीपासून प्रयोग वर्गणीबाहेर ठेवता आले असते. वाग्नरने तिसऱ्या रात्री मागितले ते पहिल्या रात्री केले असते तर शिट्ट्यांची फौज जमायच्या आत ऐकणाऱ्यांना एक-दोन अखंड प्रयोग मिळाले असते, आणि गावात बोलबाला त्या प्रयोगांचा झाला असता. त्याच रात्री शेवटी स्वतंत्र छोटा बॅले ठेवणेही शक्य होते. ऑपेराला जोडून बॅले करण्याची पद्धत त्या घराला नवी नव्हती. पण ‘टानहॉयझर’ एवढा मोठा आहे की रात्र फार लांबली असती, आणि वर्गणीदार त्यावर खूश झाले असते याची मला खात्री वाटत नाही. तिसरा मार्ग म्हणजे सरळ नकार: हा ऑपेरा या घराच्या रिवाजात बसत नाही, दुसरीकडे करा. तो प्रामाणिक ठरला असता. हुकूम सम्राटाचा असल्यामुळे तो रोयेला उपलब्ध नव्हता.

केले ते सर्वांत वाईट. दोन्ही बाजूंना आश्वासन दिले आणि भिडंत लागल्यावर संगीत कापले.

याच वेळी बोदलेरने लेख लिहिला. १ एप्रिलला तो छापून आला आणि मग वाढवून पुस्तिका म्हणून निघाला. वाढवलेल्या भागात तो जॉकी क्लबला उद्देशून म्हणतो, त्याचा आशय असा: तुमचा जनानखाना तुम्ही खुशाल सांभाळा, त्याच्या परंपरा भक्तिभावाने जपा, पण ज्यांना तुमच्यासारखे वाटत नाही त्यांना आनंद मिळेल असे वेगळे नाट्यगृह आम्हाला द्या. संतापात लिहिलेले असले तरी या सगळ्या प्रकरणातली व्यवहाराची सूचना हीच एक होती.

दोन इमारती

त्याच वर्षी, १८६१ मध्ये, पॅरिसच्या नव्या ऑपेरागृहासाठी शार्ल गार्निएच्या आराखड्याची निवड झाली. ते घर १८७५ साली उघडले. त्यात वर्गणीदारांसाठी बग्गीतून थेट उतरता येईल असे स्वतंत्र गोल दालन आहे. नर्तकींचे दालन रंगमंचाच्या थेट मागे, सोनेरी नक्षीने मढवलेले. भव्य जिना तर असा की त्यावरून चढणारा प्रत्येक माणूस सज्जांतल्या लोकांना दिसावा. इमारत अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण मार्च १८६१ मधून ऑपेराने काय धडा घेतला असे विचारले तर उत्तर त्या दगडांत आहे: वर्गणीदाराची सोय आणखी वाढवली.

वाग्नरने पंधरा वर्षांनी जर्मनीतल्या बायरॉइटला आपले नाट्यगृह उभे केले. १३ ऑगस्ट १८७६ ला ते सुरू झाले. बाजूच्या भिंतींना लोजा नाहीत. सगळ्या रांगा पंख्यासारख्या पसरलेल्या, सगळ्यांची तोंडे रंगमंचाकडे. रांगांत मधून वाट नाही, त्यामुळे अंक चालू असताना उठायचे तर अख्खी रांग उठवावी लागते. वाद्यवृंद खोल खळग्यात झाकलेला. प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागृहात अंधार. आज आपल्याला अंधारातले प्रेक्षागृह इतके सवयीचे आहे की तो कोणीतरी घेतलेला निर्णय होता हे लक्षातच येत नाही. त्या घराच्या रचनेमागे इतरही कारणे होती, वाग्नरच्या नाट्यविचाराची, ध्वनीची. पण पॅरिसच्या त्या तीन रात्रींचा अनुभव मला तिथल्या जवळजवळ प्रत्येक रांगेत दिसतो.

तिथे फक्त रसिकच येतात असे मात्र नाही. पहिल्याच वर्षी जर्मन सम्राट आला होता, आणि आजही तिथल्या वाग्नर महोत्सवाच्या उद्घाटनाला मंत्री आणि नामांकित मंडळी छायाचित्रकारांसमोरून आत जातात. त्यांतल्या काहींना वाग्नर मनापासून आवडतो, काहींना बहुधा नाही. बायरॉइटने त्यांना अडवले नाही. अंक सुरू झाला की दारे बंद होतात, एवढेच. वाग्नरचा ‘ऱ्हाइनगोल्ड’ हा ऑपेरा मध्यंतराशिवाय सुमारे अडीच तास चालतो. जेवण मध्यंतरात किंवा नंतर.

‘टानहॉयझर’ पॅरिसच्या ऑपेरात परतला तो १८९५ साली, गार्निएच्या त्याच घरात. वाग्नरला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.